पुरं मिनिट

रात्रीचे दोन चाळीस.
अजनी यार्डात एक इंजिन उगाच शिट्टी देतं
आणि वॉर्डातले चार जण एकदम कूस बदलतात.
सतरा नंबर बदलत नाही.

दामोदर हेडाऊ, वय एकावन्न,
गोळीबार चौकाकडचा विणकर.
आतड्याला भोक, पोटात सगळी घाण,
परवा मध्यरात्री कॅज्युअल्टीतून सरळ टेबलावर.
ऑपरेशन चांगलं झालं, असं सगळे म्हणतात.
बायको म्हणते, झोपून राहिले बाप्पा, झोपू द्या.
पोरगा म्हणतो, मे महिना आहे न सिस्टर, म्हणून धापा.
कूलर तर नुसती वाफ फेकून राहिला.

चार्टवर श्वासाच्या रकान्यात
वीस. वीस. वीस. वीस.
एकाच पेनानं, एकाच कलात,
शाळेत शिक्षा म्हणून लिहावी तशी ओळ.

मला ते वीस ओळखीचे आहेत.
अकरा वर्षांपूर्वी, याच भिंतीच्या पलीकडे,
सुलोचना डोंगरे, राहणार इंदोरा,
तिच्याही कागदावर वीस होते.
शेवटचं वीस पहाटे चारला.
पाचला आम्ही चादर तोंडावरून ओढली.
चार वाजता ती खरंच किती श्वास घेत होती
ते त्या अक्षराला विचारता येत नाही.
अक्षर माझं होतं.

तेव्हापासून मी मोजते.
मनगट धरायचं, नाडी पाहतोय असं दाखवायचं
आणि नजर छातीवर ठेवायची.
मोजतायत हे कळलं की माणूस श्वास नीट करून घेतो,
पाहुणा आल्यावर पलंगपोस ओढावा तसा.
पंधरा सेकंद गुणिले चार, असं नाही.
पुरं मिनिट.
हातात बाबांची चावीची घडी,
तिचा सेकंदकाटा जरा लंगडतो.

बत्तीस.
पुन्हा मोजलं. बत्तीस.
नाडी एकशे अठरा.
लघवीची पिशवी संध्याकाळी होती तशीच,
तळाशी काळ्या चहासारखं बोटभर.
बीपी मात्र शहाण्या मुलासारखं, एकशे दहा.

डॉक्टर निखाडे खाली ॲक्सिडेंटच्या केसमध्ये अडकलेले.
"बीपी किती?"
"चांगलं आहे."
"मग सकाळी राउंडला पाहू."
मी फोन ठेवला नाही.
बीपी सगळ्यात शेवटी खरं बोलतं, सर.
श्वास आधी सांगतो. हा केव्हाचा सांगून राहिला.
पलीकडे कोणाचं तरी कण्हणं,
ट्रे पडल्याचा आवाज,
मग, "येतो."

आला. पोटावर हात ठेवला
आणि हात तिथंच थांबला.
तीन पंचवीसला स्ट्रेचर. लिफ्ट बंद,
म्हणून रॅम्पवरून चौघांनी ढकललं.
आतली शिवण उसवली होती.
बायको मागं धावत, काऊन नेता पुन्हा, काऊन?
मी म्हटलं, धागा तुटला आहे आत.
मागावर तुटला तर काय करता तुम्ही?
ती थांबली.
"लगेच गाठ," म्हणाली.
मग पदर तोंडात धरून भिंतीला टेकून बसली.

त्याच आठवड्यात नऊ नंबर गेला.
मोजून, फोन करून, सगळं वेळेत करून गेला.
त्याचा चार्ट मी दोनदा वाचला.
आकडे खरे होते.
त्यावर घरी जाऊन झोपता आलं, थोडं.

एकोणीस दिवसांनी हेडाऊ निघाला,
अर्धा झालेला, पोटाला पट्टा,
हातात औषधांची कॅरीबॅग.
त्या रात्रीचं त्याला काही आठवत नाही.
जाता जाता माझ्या मनगटाकडे पाहून म्हणाला,
"सिस्टर, तुमची घडी तीन मिनिटं मागं हाय."
विणकराची नजर.
असू दे, म्हटलं,
वेळ चुकते तिची, मिनिट नाही चुकत.

त्याला ते कळलं की नाही, माहीत नाही.
मी सहा नंबरचं मनगट धरलं.